हरभऱ्याएवढी गोळी

माय,

तासाभरापूर्वी मी ह्यांना भांगेची गोळी दिली. पूर्ण नाही, पाव. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा ठेवला तो उतू गेला, कपडे वाळत घालायला गेले आणि बादली तशीच गच्चीवर ठेवून खाली आले. दर थोड्या वेळानं आत जाते, ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवते, नाडी जरा जलद लागते, मग माझीच नाडी जलद होते आणि बाहेर येते. एका जागी बसायला काहीतरी निमित्त हवं म्हणून हे लिहायला घेतलं. तुला अक्षर वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मलाच हे मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी अर्धं गाळलं असतं. तेव्हा एका अर्थी बरंच आहे.

हे म्हणजे तुझे जावई. तू त्यांना पाहिलं नाहीस. मेहकरच्या शाळेत गणित शिकवायचे, उंच, बोलके, जेवायला बसले की आधी ताटाची स्तुती आणि मग जेवण. त्यांच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याला नेऊन इंजेक्शनं सुरू केली. गाठीचं त्यानं काय झालं ते डॉक्टरांना ठाऊक, पण माणूस उलट्या करून करून अर्धा झाला. उलटीच्या सगळ्या गोळ्या देऊन झाल्या. एकीनं दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. वरणाला फोडणी घातली तरी तोंड भिंतीकडे करतात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही. म्हणजे प्रश्न एवढाच आहे की ह्यांच्या पोटात चार घास जातील का आणि गेलेले राहतील का. बाकी सगळं त्यावर अडलंय.

काल दादाचा मुलगा आला. तुझा नातू. वांगी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, कढीपत्ता अशी पिशवी भरून आणली आणि जाताना स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातात एक पुडी ठेवली. म्हणाला, "आत्या, रागावू नोको. एका वैद्याकडून आनली. माह्या दोस्ताच्या बापाले अशीच भूक लागत नव्हती, त्याले फरक पडला. पन बाबाले सांगू नोको, थे मले घरात घेनार नाईत." मी पुडी उघडून पाहिली. काळपट हिरव्या गोळ्या, तुपाचा आणि जायफळाचा वास. माय, किती वर्षांनी आला तो वास! मी पुडी मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली आणि त्याला काही न बोलता चहा केला. त्याला वाटलं आत्या रागावली. रागावले होतेच, पण त्याच्यावर नाही.

तो वास तुझ्या हातांचा आहे. आपल्या मळ्यातल्या घराचं स्वयंपाकघर मला आजही डोळे मिटले की दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस, बाजूला दगडी पाटा, आणि वैद्यबुवांनी दिलेला पाला तू पाण्यात भिजवून ठेवला आहेस. हिरवं पाणी निघतं, ते तू उकिरड्यावर लांब टाकून येतेस, जनावराच्या तोंडी लागू नये म्हणून. पुन्हा पाणी, पुन्हा धुणं. पाणी स्वच्छ निघायला लागलं की सावलीत सुकवणं. मग तुपात मंद आचेवर परतायचा, सुंठ आणि जायफळ घालून पाट्यावर वाटायचा, गुळात मळून गोळ्या करायच्या. मी गोळी करायला हात पुढे केला की तू माझ्या हातावर चापट मारायचीस. "हे लेकराचं काम नोहे." वैद्यबुवांनी तुला माप सांगितलं होतं तेव्हा मी तिथंच होते. डोणगावच्या बाजाराच्या दिवशी ते कडुनिंबाखाली बसायचे. म्हणाले होते, "बाई, हरभऱ्याएवढी. जेवनाच्या आधी. वाटान्याएवढी केली त मले विचारत येऊ नोको."

महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली होती. मी तेव्हा पाटी सोडून वहीवर आले होते. तुझं पोट माझ्या जन्मानंतर बिघडलं ते बिघडलंच, असं काकू सांगायची, आणि सांगताना माझ्याकडे पाहायची. काही खाल्लं की पोटात कळ आणि लगेच परसाकडं. तुझे गाल बसले होते. गोळी सुरू झाली आणि तू जेवायला लागलीस. भाकरी मोडून आमटीत कुस्करून खाताना तुला मी पाहिलं, तेव्हा मला कळलं की आधी तू आमच्या पानात वाढून नुसती बसून राहायचीस. तुझ्या अंगाला मांस धरलं. वाफ्यात बसून मेथी खुरपताना तू गुणगुणायला लागलीस. त्या गोळीत भांग आहे हे बाबांना ठाऊक नव्हतं. वैद्याचं औषध आहे एवढंच त्यांना माहीत, आणि त्यांनी विचारलंही नाही. बायकांच्या औषधाची चौकशी करायची पद्धत नव्हती.

नाडी बघून आले. ठीक आहे. डोळे मिटून पडलेत. "कसं वाटतं?" विचारलं तर म्हणाले, "परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक फिरतात तशी फिरू नकोस." म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

घरात ते कळलं कसं, ते तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मला त्यावर अजून हसू येतं आणि हसल्यावर लाज वाटते. आपण भाजीवाले. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, सावलीत सुकवून, गाडग्यात भरून ठेवायचा आणि उन्हाळ्यात बागेत काही नसलं की त्याची घोटलेली भाजी करायची. तुझी भांग सुकून अशाच एका गाडग्यात, त्याच फळीवर. चुरा झालेला पाला दिसायला सारखाच. तू बाजाराला गेली होतीस, काकूनं गाडगं उतरवलं. शेंगदाणे घातले, लसूण घातला. चव पाहून म्हणाली, "काऊन कडू लागून राह्यली व?" आणि कडूपणा मारायला आणखी मिरच्या ठेचल्या. सगळे जेवले. मला तिखट सोसायचं नाही म्हणून मी दहीभाकरी खाल्ली. जेवून सगळे कामाला लागले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही.

मग काका पाण्याच्या दांडात बसले आणि पाय हलवत हसायला लागले. पाणी त्यांच्या धोतरातून वाहत होतं आणि ते कांद्याच्या वाफ्याला "या, बसा, जेवून जा" म्हणत होते. काकू चुलीपाशी रडत बसली, तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन. खुरपायला आलेली बाई म्हणत होती की माझे पाय कुठे गेले. मी आधी हसले. मग बाबा बाजेवरून उठले, उभे राहिले, एकदम पांढरे पडले आणि विहिरीच्या दगडावर कोसळले. डोक्याला खोक पडली. रक्त पाहून मी हसणं विसरले. तू संध्याकाळी टोपली घेऊन आलीस, फळीकडे पाहिलंस आणि टोपली तिथंच टाकलीस. सगळ्यांना ताक पाजलंस, बाबांच्या डोक्याला हळद बांधलीस आणि त्यांना सगळं सांगून टाकलंस. दुसऱ्या दिवशी ती खुरपणारी बाई गावभर सांगत होती की माळणीच्या घरी भांगेची भाजी करतात.

पुढे मी परिचारिका झाले तेव्हा मला कळलं की त्या दिवशी जे जे घडलं त्याला नाव आहे. पोटात गेलेली भांग उशिरा चढते, म्हणून माणसाला वाटतं काही झालं नाही, आणि तो आणखी घेतो. रक्तदाब उतरतो, एकदम उठलं की भोवळ येते. कोणाला हसू येतं, कोणाला मरणाची भीती वाटते, एकाच भांड्यातलं खाऊन. ड्युटीवर होळीच्या आणि शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अशी माणसं यायची, मी त्यांना सलाईन लावायची आणि मला काका दिसायचे. म्हणून आज ह्यांना पाव गोळी देताना सांगितलंय, मला हाक मारल्याशिवाय उठायचं नाही. रात्रीची झोपेची गोळी आज बंद. दोन्ही मिळून काय होईल कोणी सांगावं.

पण त्या भाजीचं हसू होऊन संपलं असतं, दादा नसता तर. दादाची मिसरूड नुकती फुटली होती. गावाबाहेरच्या मठात तो आणि त्याचे दोस्त चिलीम ओढायला जायचे. बाबांना वाटायचं भजनाला जातो. सुरुवातीला तो नुसता लाल डोळ्यांनी यायचा आणि चार भाकऱ्या खायचा, तू खूश व्हायचीस. मग त्याचं झोपणं गेलं. विहिरीवर एकटाच बसून कोणाशी तरी बोलायचा. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका विहिरीत औषध टाकून राह्यले. तू पानी पेऊ नोको." मी हसले. त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की काळानिळा झाला. दादा, जो मला खांद्यावर बसवून बाजार दाखवायचा. माय, मला सगळ्यात जास्त भीती त्याच्या हाताची नाही वाटली. त्याला माझं हसणं कळलंच नाही, त्याची वाटली.

बाबांनी त्याला दोरखंडानं मारलं. मार खाताना तो ओरडला, "मायले चालते! माय रोज खाते! मले काऊन नाई?" अंगणात काका होते, काकू होती, शेजारचे दोघे होते. बाबांचा हात थांबला. सगळे तुझ्याकडे पाहायला लागले. तू दारात उभी होतीस, हाताला पीठ लागलेलं. मला वाटत होतं तू बोलशील. म्हणशील की माझं औषध आहे, मापात आहे, तुझा धूर आहे आणि त्याला माप नाही. हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तू नुसती आत गेलीस आणि उरलेली भाकरी थापलीस. त्या दिवसापासून लोक म्हणायला लागले, माय तसा लेक, आणि तू पाणवठ्यावर जायचं सोडलंस.

आता आपली ती रीत. देवापुढे एखादी खायची वस्तू सोडायची, कोणासाठी तरी. आजीनं पडवळ सोडलं होतं, बाबांच्या आजारपणात. काकूनं जांभळं सोडली होती, काकांची बदफैली सुटावी म्हणून. काकूला जांभळं आवडत नव्हतीच, हे सगळ्या घराला ठाऊक होतं, काकांना तर होतंच. तू कधी काही सोडलं नव्हतंस. शिवरात्रीला आपण टेकडीवरच्या महादेवाला गेलो. तिथं भांगेचा प्रसाद वाटत होते, माणसं रांगेत ओंजळ पसरून उभी होती. तू दादाचा हात धरून रांगेच्या कडेनं थेट गाभाऱ्यात गेलीस. तळहातावर पाणी घेतलंस आणि म्हणालीस, "महादेवा, माही गोळी मी आजपासून सोडली. माह्या लेकराची सुटू दे." पाणी सोडलंस. दादा हमसून रडला. तुझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "माय, मी बी सोडली." बाहेर आल्यावर आपण तिघांनी उसाचा रस प्यायला. मला वाटलं सगळं नीट झालं.

दादाला ती सुटली नाही. आता मला माहीत आहे की तेव्हा त्याच्या हातात ते राहिलंच नव्हतं. त्याचं डोकं आजारी झालं होतं. चिलमीनं झालं, की आधीच आत काही होतं आणि चिलमीनं वर काढलं, हे मला कोणी डॉक्टर छातीठोक सांगू शकला नाही. त्याच्याबरोबर ओढणारे बाकीचे दोस्त धडधाकट संसार करून म्हातारे झाले. एवढं मात्र सगळे सांगतात की कोवळ्या वयात, आणि ज्याच्या रक्तात ते दुखणं आहे त्याला, हे विष आहे. आपल्या आज्याचा भाऊ घर सोडून नर्मदेकडे निघून गेला होता, त्याला सगळे साधू म्हणायचे. मला आता वाटतं तोही दादासारखाच असेल.

आणि तुझं पोट परत सुरू झालं. आधी तू लपवलंस. मग लपेना. लुगडं अंगावर ठरेना, गाठ मारून मारून ते गोळा व्हायला लागलं. बाबांनी स्वतः, ज्यांच्या डोक्यावर अजून खोकेचा व्रण होता त्यांनी, तुझ्यासमोर हात जोडले. "घे वो एक. मी सांगतो महादेवाले." तू मान हलवलीस. शेवटी वैद्यबुवा बैलगाडी करून आपल्या घरी आले. बाजेशेजारी बसून म्हणाले, "बाई, नशा सोडतात. औषध सोडत नसतात." तू म्हणालीस, "देवापुढे बोलले मी. आता मोडलं अन पोराले काई झालं त?" उठताना वैद्यबुवांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

बुलडाण्याच्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी तुझ्या खाटेपाशी होते. पांढऱ्या साडीतली एक बाई तुझ्या हाताला सुई लावत होती आणि तुझ्याशी बोलत होती, जणू तू तिला ऐकतेस. मी त्या बाईसारखं व्हायचं तिथंच ठरवलं. तू पेरणीआधी गेलीस.

पुढचं तुला माहीत नाही. दादाला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. विजेचे झटके दिले, गोळ्या दिल्या, बरेच महिने ठेवून घेतलं. परत आला तेव्हा हात थरथरायचे, पण काका विहिरीत औषध टाकत नव्हते. त्या गोळ्या तो आजवर घेतो. लग्न केलं, वांगी लावतो, नातवंडं खेळवतो, चिलमीचा वाससुद्धा सहन करत नाही. आणि गाव काय म्हणतं? गाव म्हणतं, मायनं जीव देल्ला म्हनून पोट्टा सुधरला. दरवर्षी तुझ्या तिथीला काकू हे सांगायची, काकू गेल्यावर तिच्या सुना सांगतात. तुझा फोटो आहे भिंतीवर, हार घालतात. दादा खाली मान घालून ऐकतो. मी तिथं असले तर भांडी घासायला उठते.

कारण ते खरं नाही, माय. दादा औषधानं सुधारला. नेमानं घेतलेल्या, मोजून दिलेल्या औषधानं. आणि दुसरं मला परिचारिका होऊन बरीच वर्षं झाल्यावर सुचलं, तेव्हापासून माझी झोप उडते. तुझं दुखणं कदाचित आतड्याचा क्षय असेल. कोणी तपासलंच नाही. गोळीनं आतडं शांत राहायचं, भूक लागायची, म्हणून दवाखान्यात कोणी नेलं नाही. क्षयाला तेव्हा इंजेक्शनं निघाली होती. म्हणजे त्या गोळीनं तुला जगवलं की तुझं मरण नुसतं झाकून ठेवलं? दोन्ही खरं असू शकतं. मी माझ्या मनात हे इतक्या वेळा तोललंय की तराजूची दोरी झिजली, आणि पारडं आजही हलतंच आहे. म्हणून मी भांग म्हटलं की ताठ होते. वॉर्डात कोणी म्हणालं, "सिस्टर, ते नैसर्गिक आहे, त्यानं काही होत नाही," की दादा आठवतो. कोणी म्हणालं, "ते विषच," की कुस्करलेल्या भाकरीवर वाकलेली तू आठवतेस. दोघांशीही मी भांडते.

काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. लहान आहेत, पण सरळ बोलतात. म्हणाल्या, "गाठ यानं बरी होणार नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मळमळ कमी होऊ शकते, भूक लागू शकते, काहींना होते. काहींच्या उलट्या उलट वाढतात. धूर तर अजिबात नको. पण मी हे लिहून देऊ शकत नाही, आणि त्या पुडीतल्या गोळीत नेमकं किती आहे ते ती वळणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमचे मिस्टर पडले तर हाड मोडेल. हृदयाचं काही नाही ना त्यांना?" मी म्हटलं, नाही. कायद्याची भानगड आहे ती वेगळीच. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं माणसं सांभाळलीत. दिलीत तर शेजारी बसून राहा आणि मला कळवा." म्हणजे पुन्हा माझ्यावरच.

रात्रभर माझं ठरलं होतं की नाही द्यायची. सकाळी ह्यांना पुडीचं सांगितलं, कारण ह्यांच्यापासून लपवून मी काही देत नाही. दादाची, तुझी सगळी कथा त्यांना लग्नापासून माहीत आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांत आधी एक आशा आली, मी ती स्पष्ट पाहिली. मग ती त्यांनी आवरली. म्हणाले, "राहू दे. तुला त्रास होतो. घ्यायची होती मला, पण जाऊ दे, तुझ्यासाठी सोडली समज."

माय, मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत अशी ओरडले नव्हते. खालच्या मजल्यावरची बाई बाहेर आली. मी म्हटलं, "माझ्यासाठी काही सोडायचं नाही! कोणी कोणासाठी काही सोडायचं नाही या घरात! खायचं! पोटात राहील ते खायचं!" ते आजारी माणूस, घाबरून उशीला टेकले. मी स्वयंपाकघरात गेले, बरणीमागून पुडी काढली, सुरीनं गोळीचे चार भाग केले, एक भाग चमच्यात मधात कालवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं.

मध्येच उठावं लागलं. त्यांनी हाक मारली. तोंडाला कोरड पडली होती, पाणी दिलं. छतावरच्या पंख्याला पाहून हसत होते, म्हणाले याचं एक पातं दुसऱ्या दोघांशी बोलत नाही. मग एकदम गंभीर झाले, माझा हात धरला, "छातीत धडधडतंय, जातोय का मी?" मी म्हटलं, "नाही, भांग चढली आहे, उतरेल." हात धरून बसून राहिले. धडधड बसली. आणि मग, माय, म्हणाले, "पिठलं कर ना."

मी पिठलं केलं. फोडणी घातली, मुद्दाम लसणाची. तोंड फिरवलं नाही. अर्धी भाकरी कुस्करून पिठल्यात कालवून दिली, सगळी खाल्ली. अजून पाव भाकरी मागितली, मी दिली नाही, उलटीची भीती वाटली. आता घड्याळाकडे पाहत बसले आहे. उलटी झालेली नाही. उद्या याच गोळीनं काय होईल मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना कळवलंय. संध्याकाळी दादाचा फोन येईल, त्याला काय सांगायचं तेही ठरलेलं नाही. तो विचारेल, "आज काय जेवले पाव्हने?" आणि मी म्हणेन, पिठलं भाकरी, आणि तो देवाला हात जोडेल, तुझ्या फोटोसमोर.

हे कागद मी त्याला दाखवणार नाही. कोणालाच नाही. चुलीत घालायला आता घरात चूलही नाही, बघते काय करायचं ते. पण इतकं लिहिलं तर एवढंही लिहिते, तोंडानं कधी बोलता आलं नाही म्हणून. त्या दिवशी गाभाऱ्यात तुझ्या एका हाताला दादा होता आणि दुसऱ्या हाताला मी होते. लोक म्हणतात माय लेकरासाठी मेली. मी पण तुझं लेकरू होते. त्याच्यासाठी तू गोळी सोडलीस, माझ्यासाठी ती खात राहायचं होतंस.